पाणी न दिलेला पिनियन

कुंभकोणम
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मीनाक्षीअक्का,

जयाचा साष्टांग नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार सांग. गोपालकृष्णाला आणि नव्या सूनबाईला माझे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. पुरट्टासी महिना लागलाय. काल पहिला शनिवार होता, ओप्पिलियप्पनच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा कृष्णप्रसाद होसूरच्या कंपनीत रमलाय, फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही, म्हणजे बरा असणार. पाऊस अजून नाही. दुपारी वर्कशॉपच्या पत्र्याखाली बसवत नाही.

फोनच करणार होते. पण वैशाखापासून तू माझा फोन "हं, बोल" म्हणून उचलतेस आणि "बरं, ठेवते" म्हणून ठेवतेस. मधल्या जागेत माझं काही मावत नाही, म्हणून पत्र. गोपालकृष्णाच्या लग्नात मी जेवायच्या आधी उठून पुणे स्टेशनवर जाऊन बसले, त्याचा तुला राग आहे हे कळतं. डोकं दुखत होतं, असं मी तेव्हा सांगितलं होतं. आजही तेच सांगते. आणि हो, शक्य तितकं तुमच्याकडचं मराठी लिहितेय. तू पाठवलेल्या कादंबऱ्या वाचूनच ते आलं. तुझा मुलगा आमच्या तंजावरी बोलण्याला बखर म्हणतो, तेव्हा हे पत्र त्याला वाचून दाखवायला हरकत नाही. खरं तर हरकत आहे. दाखवू नकोस.

ह्यांचं काम जोरात आहे. तिरुभुवनमच्या विणकर संघाला मागाची छोटी चक्रं हवीत, सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या भातगिरणीचा गिअरबॉक्स आमच्या अंगणात उघडा पडलाय. तुला आमची वाटणी ठाऊक आहेच. दात कापायचे ह्यांनी, पाणी द्यायचं मी. पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं. बुडवतो तेलात, तरी म्हणायचं पाणी देणं. सासूबाईंचे डोळे अधू झाले तेव्हापासून ती भट्टी माझी. ह्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक पिनियन, म्हणजे मोठ्या चक्राला फिरवणारं छोटं दातेरी चक्र, आधी माझ्या हातून जातो. गिऱ्हाईकसुद्धा विचारतात, "अम्मांनी पाणी दिलंय ना?" मग ह्यांच्या पाठीवर थाप मारून घेऊन जातात. थाप त्यांना. असो.

आता एक प्रश्न. अगदी कामाचा आहे. भाऊजी इतकी वर्षं कारखान्यात होते, त्यांना विचारून कळव.

पेरिय तेरूवर, इथल्या मोठ्या रस्त्यावर, एक कॉफी भाजायचं दुकान आहे. जाळावर आडवा लोखंडी पिंप फिरतो, त्यात बिया. पिंपाच्या कडेला बिडाचं मोठं दात्यांचं चक्र, आणि त्याला फिरवणारा, मोटारीच्या बाजूचा छोटा पिनियन. मोठं चक्र एकदा फिरतं तेव्हा पिनियनला सहा वेळा फिरावं लागतं. म्हणजे त्याच्या एकेका दाताला सहापट काम. म्हणून पिनियन नेहमी चक्रापेक्षा कडक ठेवायचा, हे आमच्या घरी मांजरालाही ठाऊक आहे. ह्यांनी कापलेला पिनियन गिरणीत वर्षानुवर्षं चालतो. आणि ह्या दुकानातला? दोन महिने झाले की झिजला! की निघाले हे पिशवी घेऊन.

परवा भंगाराच्या डब्यात त्यातला एक झिजका पिनियन सापडला. मी त्याला कानस लावली. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. ही साबणात रुतावी तशी रुतली. कच्चा होता तो. भट्टी बघितलीच नव्हती त्यानं. बाकीच्या सगळ्या पिनियनांना माझा हात लागतो आणि नेमका हाच एक माझ्या नजरेआडून जातो.

दुकान कोणाचं ते महत्त्वाचं नाही.

बरं, सांगते. भुवनेश्वरीचं आहे. हो, तीच, ह्यांची मामेबहीण. आपल्या लोकांत मामाची मुलगी म्हणजे हक्काची नवरी. ह्यांच्या नि तिच्या लग्नाला पत्रिका आडवी आली नसती तर तुझ्या बहिणीला आज नाचियार्कोविलच्या एखाद्या दिवेवाल्याच्या घरात पितळ घासावं लागलं असतं. तिचा नवरा चंद्रमौली गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून बापाचं ते दुकान तीच चालवते. चालव बापडी. माझं काही म्हणणं नाही. ती ह्यांना अजून 'अत्तान' म्हणते. इथे आत्येभावाला तसं म्हणतातच, पण बायका नवऱ्यालाही तसंच म्हणतात, आणि ती जरा लांबवून म्हणते.

प्रत्येक वेळी हे तिथून ताज्या पुडीची पिशवी आणतात. घरभर वास. मी ती समोरच्या रक्षाला देऊन टाकते आणि सध्या चहा पिते. कुंभकोणात राहून चहा! रक्षाच्या सासूनं विचारलं, "पोटाचं काही दुखणं आहे का?"

तेव्हा भाऊजींना एवढंच विचार: चांगला कारागीर एखादा पिनियन मुद्दाम कच्चा का ठेवील? मला एकच उत्तर सुचतं आणि ते लिहायला हात धजत नाही.

तुझी,
जया


कुंभकोणम
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. विजयादशमीच्या तुम्हां सर्वांना शुभेच्छा. आमची गोलूच्या बाहुल्यांची मांडणी यंदा छान झाली, तू दिलेली रखुमाई मधल्या पायरीवर ठेवली होती. भजनाला बाया आल्या होत्या. प्रसादाचं सुंडल उरलं नाही.

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. भाऊजी म्हणतात, काहीतरी कारण असेल, त्रिविक्रमरावांनाच विचार. आणि खाली तुझ्या अक्षरात, "जये, लहानपणापासून तुला दुसऱ्याच्या ताटातलंच दिसतं." दिसणारच! दुसऱ्याच्या ताटात माझं वाढलेलं असेल तर दिसणारच की.

ह्यांना मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच.

शुक्रवारी सरस्वतीपूजा, आयुधपूजा. तुला आठवत असेल, त्या दिवशी आमच्याकडे एक स्क्रूसुद्धा पिळायचा नाही. मशीन धुऊन पुसून, गंधाचे टिळे लावून, केळीचे खांब बांधून ठेवायचे. सगळी हत्यारं पाटावर मांडायची आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ती देवीची. भट्टीलाही विसावा. सासूबाई म्हणायच्या, वर्षभर जळते ती, एक दिवस तिला गार राहू दे.

मी पूजेचं ताट घेऊन वर्कशॉपात गेले. पाटावर ह्यांनी कानशी, कटर, मापं मांडली होती. आणि मधोमध, सगळ्यांच्या पुढे, नवा कापलेला पिनियन. त्याला गंध, कुंकू, वर जाईची फुलं. सोळा दात. मी मोजले नाहीत, मला बघूनच कळतं. तिचाच.

तिरुभुवनमची चक्रं तिथंच कोपऱ्यात पडली होती, त्यांना फूल नाही. भातगिरणीचा एवढा मोठा गिअर, त्याला टिळा नाही. आणि हा कच्चा मात्र देवीपुढे!

मी आरती केली. मग हे म्हणाले, "जया, मीं भुवनाच्या दुकानास जाऊन येतों. तिच्या यंत्राची पूजा आहे, कोहळा फोडायास कोणी नाहीं." दृष्ट काढायचा कोहळा, गं. आमच्या उंबऱ्यावरचा तसाच ठेवून हे तिचा फोडायला गेले. आमचा मी फोडला. एवढा जोरात की अर्धा रस्त्यापलीकडे रक्षाच्या दारात जाऊन पडला.

आणि मग, अक्का, मी भट्टी पेटवली.

हो. पूजेच्या दिवशी. देवीच्या पाटावरून तो पिनियन उचलला, फुलं काढून बाजूला ठेवली आणि जाळात घातला. मनात म्हटलं, तुला कच्चा राहायचंय काय? बघतेच. रागात होते, पण पोलादाचा रंग बरोबर धरला. तेलात सोडला, चुर्र झालं. नंतर पुन्हा हलक्या आचेवर गव्हाळ रंगापर्यंत आणला, म्हणजे ठिसूळ राहायला नको. मत्सरात असले तरी काम मी खराब करत नाही. काळा पडलेला थर पॉलिश पेपरनं घासून काढला, पुन्हा चकचकीत केला. कानस लावून बघितली. घसरली. गंध-कुंकू लावलं, तीच फुलं वर ठेवली. हे आले तेव्हा मी पायसम ढवळत होते.

काल विजयादशमीला पहिलं काम म्हणून हे तो बसवून आले. "शाफ्टावर जरासा ठोकावा लागला, भोक आवळ झालं होतं," म्हणाले. तापवलं की भोक थोडं आवळतंच. त्यांना कळायला हवं होतं. पण माणसाचं लक्ष कुठं असतं!

आता तो दहा वर्षं हलत नाही. आता कुठल्या निमित्तानं जाल?

मला वाटलं होतं की बरं वाटेल. काल दुपारपर्यंत वाटलंही. गाणं म्हणत भांडी घासली. संध्याकाळी हे खुर्चीत बसून नुसते भिंतीकडे बघत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काइ नाहीं." आता मी ह्या 'काइ नाहीं'चाही अर्थ लावत बसलेय.

पुण्याचं खरं सांगून टाकते, एवढं लिहिलंच आहे तर. डोकं दुखत नव्हतं. फोटोवाला म्हणाला, "मुलाच्या मावशी-काका इकडे या," आणि मी पदर सावरेपर्यंत लग्नाला आलेली भुवना ह्यांच्या शेजारी उभी राहिली होती. फोटोवाल्याला काय कळतं. त्यानं काढला. सगळ्यांना तो फोटो आवडला, हे छान दिसतायत त्यात. तू तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलायस, मी व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे बघितलाय.

भाऊजींना आता काही विचारू नकोस.

जया


कुंभकोणम
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. दिवाळीच्या फराळाचं पार्सल मिळालं. चिरोटे मोडले नव्हते. तुझी काळजी मला कळली. तू दोनदा फोन केलास आणि मी "हं, बोल" म्हणून उचलून "बरं, ठेवते" म्हणून ठेवला, तेव्हा आता आपण फिटंफाट.

आमची दिवाळी झाली नाही. दिवे लावले, एवढंच.

दिवाळीच्या आधी आठवडाभर कॉफीवाल्यांची लगीनघाई असते. भुवनाचा पिंप सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत होता. एका दुपारी मी वाल निवडत बसले होते आणि वास आला. कॉफी भाजल्याचा नव्हे, जळल्याचा. सगळ्या गल्लीत धूर आला. रक्षा धावत आली, "भुवनेश्वरीच्या दुकानात काहीतरी मोडलं!" काय मोडलं ते तिला ठाऊक नव्हतं, मला होतं.

बिडाच्या चक्राचे दात गेले, अक्का. एक गेला, त्याचा तुकडा मध्ये अडकला, मग ओळीनं गेले. पिंप थांबला, खाली जाळ चालूच, आत बिया. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण सणाचा सगळा माल कोळसा झाला, आणि यंत्र बंद ते बंदच.

हे संध्याकाळी आले ते तोंड काळं करून, धुरानं. पिशवीतून पिनियन काढला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर माझ्यापुढे ठेवला. त्याच्या एकाही दाताला ओरखडा नव्हता. अगदी मी दिला होता तसाच. खिशातून कानस काढून त्यांनी एकदा ओढली. ती घसरली. मग माझ्याकडे बघितलं.

"जया, ह्यास पाणी तूं दिलीस?"

मी म्हटलं, "मींच."

"कधीं?"

"पूजेच्या दिवशीं."

"पूजेच्या दिवशीं भट्टी पेटवलीस?" ते खालीच बसले. चक्र मोडलं ह्यापेक्षा त्यांना ते जास्त लागलं असं वाटलं.

मग त्यांनी सांगितलं. ते चक्र मामांच्या वेळचं. दात झिजून कागदासारखे झालेले, दोन दात तर मागे कधीतरी मोडून पितळेनं डागून बसवलेले. तसं चक्र आता मिळत नाही, ओतून, कापून आणायचं तर सगळं यंत्र उतरवावं लागतं, आणि दुकान हाती घेऊन दोनच वर्षं झालेल्या बाईला तेवढा काळ बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी पिनियन मुद्दाम कच्चा ठेवला. दोघांतला एक झिजणार असेल तर स्वस्तातला झिजू दे. दोन महिन्यांनी नवा कापता येतो. मी दिलेल्या पाण्यानं पिनियन वाचला आणि चक्र खाल्लं.

"मग मज कां सांगितलं नाहीं?" मी ओरडलेच.

"कधीं सांगूं? भुवनाचं नांव निघालं की तूं भांडीं आपटतेस. पाणी न देतां पिनियन न्यायचा म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. मीं म्हटलं, कशास? गुपचूप नेऊं."

इथं मी थांबायला हवं होतं. माझी चूक पदरात पडली होती, ती घेऊन गप्प बसायचं. पण तू मला ओळखतेस. मी विचारलं, "कच्चा ठेवलात तो चक्रासाठीं, की दर दोन महिन्यांनीं जायास मिळावं म्हणून?"

कढई गॅसवर तशीच होती, मी गॅस बंद केला.

"दोन्हीं," ते म्हणाले.

मग तेच पुढे म्हणाले, "तिथें गेलों की मीं मामांच्या घरचा पोर असतों, जया. ती जुन्या गोष्टी काढते, हसते. काइ वावगं नाहीं. पण जावंसं वाटतं. तुझ्याशीं खोटं कशास बोलूं?"

अक्का, इतकी वर्षं मी म्हणत होते आणि तू हसत होतीस. आता मी बरोबर ठरले. आणि बरोबर ठरल्याचा एवढासुद्धा आनंद झाला नाही. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. 'वावगं नाही' हे मी मानते. ह्यांना खोटं बोलता येत नाही, आत्ताच बघितलं. पण माझ्याजवळ बसून हे कधी हसतात, हे आठवायला गेले तर मला आठवेना. आमच्यात दातांची मापं, तेल संपलंय, कृष्णप्रसादचा फोन आला का, एवढंच. ह्याला कोण जबाबदार, ते मी अजून ठरवलेलं नाही. थोडी मी असेन. थोडे ते.

आणि गंमत बघ. दोन महिन्यांतून एकदा जात होते ते आता रोज जाऊ लागले! यंत्र उतरवायचं, चक्राचे तुकडे जुळवून माप घ्यायचं, कामं काय थोडी असतात? सकाळी डबा घेऊन जायचे, आणि तो डबा मीच भरून द्यायची. स्वतःच्या हातानं दार बंद करायला गेले आणि भिंत पाडून बसले.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते वेगळंच.

तिरुभुवनमच्या संघाचा माणूस आला आणि तयार चक्रं तेवढी घेऊन गेला, पुढची ऑर्डर दिली नाही. भातगिरणीवाल्यांनी गिअरबॉक्स परत मागितला. मी फुलवालीकडे गेले तर ती म्हणाली, "तुमच्या घरच्यांच्या हातून पेरिय तेरूवरचं यंत्र बिघडलं म्हणे." सगळ्या गावात झालं होतं की त्रिविक्रमनं चुकीचा पिनियन बसवला, त्याची नजर गेली, वय झालं. आणि हे कोणी फुकट उठवलेलं नव्हतं. ह्यांनीच सांगितलं होतं. भुवनानं विचारलं तेव्हा म्हणाले, "चूक माझी. पाणी मीं दिलों." ज्या माणसानं जन्मात कधी भट्टीला हात लावला नाही, तो.

मी विचारलं, असं कां सांगितलंत? म्हणाले, "मग काइ सांगूं? बायकोस माझा विश्वास नाहीं, असं?"

हे मला सहन झालं नाही. त्यांचं नाव म्हणजे त्यांचे हात, आणि ते माझ्यामुळे जात होतं. ज्या बाईपुढे मला आयुष्यात मान खाली घालायची नव्हती, तिच्याचपुढे जाऊन घालायची, नाहीतर ह्यांना म्हातारं आणि बिनकामाचं ठरू द्यायचं. दोन दिवस मी ह्यातून तिसरी वाट शोधली. मिळाली नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गेले. चांगली साडी नेसून गेले, ते तू समजू शकतेस. हे तेव्हा ओतीव कामवाल्याकडे गेले होते, हे बघूनच गेले. भुवना एकटी होती. भाजणी बंद असल्यामुळे दुकान कसं गार पडलं होतं. तिचे डोळे सुजलेले. मला बघून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या वैनी." मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"भुवना, पिनियनास पाणी मीं दिलें. त्यांस ठाऊक नव्हतं. पूजेच्या पाटावरून उचलून दिलें. तुझ्या रागानं."

मला वाटलं आता ओरडेल. मी तयारच होऊन गेले होते, दोन उत्तरं पाठ करून. ती म्हणाली, "अत्तान म्हणाले, त्यांची चूक."

"खोटं बोलले."

"तुमच्यासाठीं?"

"माझ्यासाठीं."

ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "वैनी, माझा चंद्रमौली होता ना, मीं एकदां दळणांत चिकोरी जास्त घातली तर दुकानांत उभ्या गिऱ्हाइकांपुढें मज बोलला. माझी एक चूक त्यानं कधीं झांकली नाहीं. अवघ्या गांवास ठाऊक असायची." आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की अक्का, ती नजर मला ओळखू आली. ती नजर माझीच आहे. इतकी वर्षं मी तिच्याकडे त्या नजरेनं बघत आले.

तुला सांगते, कोणाला सांगू नकोस: मला गार वाटलं. एका बाईचं एवढं नुकसान करून, तिच्या बंद दुकानात उभी राहून, तिला माझा मत्सर वाटला म्हणून माझ्या अंगावरून वारं गेल्यासारखं झालं. मी वाईट आहे. पण होतं ते लिहिलं.

मग ती थोडी रडली आणि थोडी मला बोललीसुद्धा, चांगलंच बोलली. "तुमच्या रागास माझी दिवाळी दिली मीं!" म्हणाली. तो तिचा हक्क होता, मी उभी राहून ऐकून घेतलं. पाठ केलेली उत्तरं एकही वापरली नाहीत. निघताना ती म्हणाली, "हे संघाच्या लोकांस मींच सांगतें. अत्तानचं नांव खराब व्हायास नको." बघ, तिलाही त्यांच्या नावाचीच काळजी! ते ऐकून माझा जीव परत जळाला. घरी येईपर्यंत जळत होता.

रात्री ह्यांना सांगितलं की मी जाऊन आले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "अवघड गेलं असेल." मी म्हटलं, "रोंब. फारच." आणि मग आम्ही दोघंही हसलो, कशाला ते ठाऊक नाही. पण "दोन्हीं" हे त्यांनी मागे घेतलं नाही, आणि मीही घ्यायला लावलं नाही. मी फक्त विचारलं, यापुढेही जाणार का? म्हणाले, "जाईन. तूंही येत जा."

इथल्या ओतकाम्याला एवढं चक्र जमणार नाही. मोडकं चक्र लॉरीनं पुढं कोईमतूरला पाठवलंय, तिथं नवं ओतून, दात कापून घ्यायचं. नव्या चक्राला पिनियन मात्र पाणी दिलेलाच लागेल, तो आमच्या घरून जाईल. नव्या चक्राच्या खर्चाचं बघायला भुवनाला जावं लागणार, मापं सांगायला ह्यांना. काल भुवना आमच्याकडे आली होती, दोघांचं जायचं ठरत होतं. मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "मींही येतें." दोघांपैकी कोणीच "कशास?" म्हटलं नाही.

उद्या पहाटेची बस आहे. आमच्या बसमध्ये एका बाजूला तिघांची सीट असते, तुला ठाऊक आहे. भुवनाला ओकारी येते, म्हणून खिडकी तिला हवी. ह्यांचा गुडघा दुखतो, पाय बाहेर काढायला कडेची जागा त्यांना हवी. मधली जागा कोणालाच नको असते, दोन्ही बाजूंनी खांदे लागतात, टेकायला काही नसतं, आणि कोईमतूर लांब आहे.

ती मी घेतलीय.

जागा न सोडणारी तुझी बहीण,
जयलक्ष्मी त्रिविक्रम